थांबायचा रकाना

रविवार, २ मार्च

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवलं. हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल आत्ता घ्यावा की थांबावं, हा प्रश्न मला कागदावर सोडवायचा आहे. डोक्यात सोडवायला गेलो की कामात चुका होतात. परवा एका गृहस्थांची डावी दाढ मी उजवीकडे बसवली.

मी कवळ्या बनवतो. दातांच्या डॉक्टरीणबाई लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवतात आणि आम्ही उलट टपाली दात पाठवतो. आम्ही म्हणजे मी आणि पॉलिशवाला. हा सगळा ताप त्याच्यामुळे सुरू झाला. तीन आठवड्यांपूर्वी डबा खाताना त्यानं आपला कन्सोल माझ्या हातात दिला, 'बघ जरा' म्हणाला, आणि तेव्हापासून माझे अंगठे ठिकाणावर नाहीत. वय सत्तेचाळीस.

घेऊन टाकावा, तर बातमी अशी की मे महिन्यात नवं मॉडेल येतंय. आत्ता घेतला आणि मेमध्ये नवा आला, तर कपाळाला हात लावून बसायचं. थांबलो आणि नवा आलाच नाही, तर मधले दिवस फुकट गेले. मी घाई करणारा माणूस नाही. फ्रिज घ्यायला आम्ही पावणेदोन वर्षं घेतली. तोवर दूध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये राहायचं आणि शेजारी ते आपलं समजून प्यायचे. लग्नाला होकार द्यायलाही मी पाच महिने घेतले होते. शेवटी हिनंच फोन करून विचारलं, 'काय, नवीन मॉडेल यायचंय का?'

मंगळवार, ४ मार्च

तक्ता केला. दोन रकाने, 'आत्ता' आणि 'थांबायचं'. प्रत्येक मुद्द्याला गुण. सध्या थांबायचा रकाना नऊ गुणांनी पुढे आहे. बॅटरीला चार दिले ते जरा जास्त झाले असं वाटतंय.

बायकोनं तक्ता वाचला. "दोघांना खेळता येतं का रे यावर?" असं विचारलं. चांगला तांत्रिक प्रश्न आहे. येतं. कन्सोलच्या दोन्ही बाजूंच्या मुठी सुटतात, एकेकाच्या हातात एकेक मूठ. पण हा मुद्दा तक्त्यात घेतला नाही, कारण आमच्या घरात दुसरं खेळणारं कुणी नाही. ही उंच इमारतींच्या बांधकामावरची क्रेन चालवते. साठ मीटर उंचीवर काचेच्या खोलीत बसून दिवसभर दोन हातांनी दोन दांडे हलवते. घरी आल्यावर तिला आणखी दांडे हलवायला लावणं म्हणजे छळच.

शनिवार, ८ मार्च

जॉयस्टिकवर घोडं अडलंय. जुन्या मॉडेलचा दांडा वर्षभरात सैल पडतो आणि आपोआप डावीकडे सरकतो म्हणतात. सकाळपासून इंटरनेटवरच्या चर्चा वाचतोय. एकशे बारा लोकांचं मत घेऊन झालं.

ही मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "दांडा ओढायचा नसतो रे. त्याला नुसतं सांगायचं. लोक ओढतात, म्हणून सैल पडतो."

"बरं," म्हटलं. पण 'विजयी मुंगूस' या नावानं लिहिणाऱ्या एका गृहस्थांचं मत मला जास्त अधिकारवाणीचं वाटलं. ते म्हणतात थांबा.

मंगळवार, ११ मार्च

हिच्या कंपनीचं पत्र आलं. बंदरावर अकरा महिन्यांसाठी पाठवतायत. जहाजावरचे कंटेनर उतरवायची मोठी क्रेन आहे, आजवर त्यांच्याकडच्या एकाही बाईला चालवायला मिळालेली नाही. जायचं सहा एप्रिलला. बंदर इथून रेल्वेनं सोळा तासांवर.

पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवून ती म्हणाली, "काय करू? जाऊ?"

"जा की!" म्हणालो. "विचारायचं काय त्यात?"

मग माझ्या लक्षात आलं की योग किती छान जुळतोय. ही एप्रिलमध्ये जाणार, नवं मॉडेल मेमध्ये येणार. घर रिकामं, मला वेळच वेळ. ती इथे असताना कन्सोल घेऊन करायचंय काय? थांबायच्या रकान्यात आणखी तीन गुण. हे तिलाही समजावून सांगितलं. ती "हं" म्हणाली.

जेवणाला आज अजिबात चव नव्हती. मीठ बरोबर होतं, मी दोनदा पाहिलं.

शुक्रवार, १४ मार्च

नव्या मॉडेलची मापं फुटली! कुणीतरी कारखान्यातून लांबी, रुंदी, जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये बाहेर आणलंय. आता मापं हातात आली की माणूस काय करेल ते त्याच्या धंद्यावर अवलंबून असतं. मी मेण वितळवलं.

दुपारपर्यंत मेणाचा कन्सोल तयार झाला. मग प्लास्टरचा साचा, आणि साच्यात आमचं नेहमीचं गुलाबी अॅक्रिलिक, हिरड्यांचं. दुसरा रंग आमच्याकडे नसतोच. बटणांचा प्रश्न आला, तर दातांना आमच्याकडे काय तोटा? उजवीकडे चार दाढा बसवल्या, वर खांद्याच्या बटणांसाठी दोन पटाशीचे दात, आणि जॉयस्टिकच्या जागी दोन सुळे. पॉलिशवाल्यानं चमकवून दिला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "याला ब्रश करावा लागेल."

हसू दे. न आलेलं मॉडेल हातात धरून बघणारा जगात मी एकटा आहे.

रविवार, १६ मार्च

दोन दिवस कन्सोल कोटाच्या खिशात घालून फिरतोय. वजन योग्य. बसताना जरा टोचतो. बसमध्ये काढून धरून बघितला, तेव्हा शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या.

संध्याकाळी तो हिच्या हातात दिसला. सोफ्यावर पाय वर घेऊन, अंगठे दोन्ही सुळ्यांवर ठेवून बसली होती. "हा डावा जरा पुढे हवा होता," म्हणाली. मूळ आराखडाच तसा आहे, असं मी सांगितलं. बातम्या संपेपर्यंत तो तिच्या हातातच होता, आणि अंगठे हलत होते. बातम्या कंटाळवाण्याच असतात हल्ली.

मग तिच्या हातून तो फरशीवर पडला आणि एक दाढ निखळली. "सॉरी, सॉरी!" म्हणत ती सोफ्याखाली दाढ शोधायला लागली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून शोधत होतो. दाढ सापडल्यावरही आम्ही थोडा वेळ तिथेच बसलो, का ते सांगता येत नाही.

बुधवार, १९ मार्च

आजचा दिवस आयुष्यातून वजा करता आला तर बरं.

सकाळी दाढ बसवून कन्सोल पुन्हा पॉलिशला दिला. त्याच वेळी एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची वरची कवळीही पॉलिशला होती. पॉलिशवाल्यानं दोन्ही वस्तू चमकवल्या आणि सवयीप्रमाणे कापसात गुंडाळून ठसे पाठवायच्या दोन सारख्या खोक्यांत ठेवल्या. मी एक खोकं डॉक्टरीणबाईंकडे रवाना केलं, दुसरं पिशवीत टाकलं आणि डब्याच्या सुट्टीत गेमच्या दुकानात गेलो. जुन्या आणि नव्या मॉडेलची मूठ शेजारी शेजारी ठेवून बघायची होती.

दुकानातल्या बाईंनी जुनं मॉडेल काढून काउंटरवर ठेवलं. मी म्हणालो, "थांबा, माझ्याकडे नवं आहे." खोकं उघडलं, कापूस बाजूला केला आणि आतली वस्तू रुबाबात शेजारी ठेवली.

बाईंनी बघितलं. मी बघितलं. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं.

"दादा," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "जुन्याच्या बदल्यात नवं अशी योजना आहे आमच्याकडे. पण फक्त कन्सोलच्या बदल्यात."

कवळी उचलून पळालो. पळता पळता कळलं की मग दुसरं खोकं कुठे उघडलं जात असेल.

गुरुवार, २० मार्च

कळलं कुठे ते. डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत मुख्याध्यापिकाबाई तोंड उघडून बसलेल्या. डॉक्टरीणबाईंनी खोकं उघडलं. बाईंनी तिरक्या डोळ्यानं आत बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. म्हणाल्या, "एवढं मोठं मी नाही लावून घेणार."

डॉक्टरीणबाई मला फोनवर पंधरा मिनिटं बोलल्या. त्यातली बारा मी ऐकली. उरलेल्या तीन मिनिटांत त्या स्वतःच हसत होत्या. प्रायश्चित्त म्हणून मी स्वतः मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी कवळी घेऊन गेलो. चपखल बसली. बसल्या बसल्या त्यांनी माझी सगळी उलटतपासणी घेतली आणि मी त्यांना तक्त्यापर्यंत सगळं सांगितलं. वर्गात उभं केल्यासारखं वाटत होतं.

त्या म्हणाल्या, "माझे उरलेले चार दात पडेपर्यंत थांबावं, मग एकदम सगळी कवळी करावी, असा माझा हिशेब होता. दोन वर्षं सगळं कुस्करून खाल्लं. त्या दोन वर्षांतलं खाणं आता मला कोण परत देणार आहे?"

त्यांचा मुद्दा दातांना लागू आहे, इलेक्ट्रॉनिक्सला नाही. वाद घातला नाही. दवाखान्यातून परत घेतलेला गुलाबी कन्सोल त्यांनी ठेवून घेतला. पंख्यानं कागद उडतात म्हणे.

शनिवार, २२ मार्च

नवं मॉडेल मेमध्ये नाही, जूनमध्ये येणार असं विजयी मुंगूस लिहितात. जीव भांड्यात पडला. निर्णयाला महिनाभर जास्त मिळाला.

हिची मोठी बॅग माळ्यावरून काढून दिली. ती बॅग दारात उघडी पडली आहे, येता जाता अडखळायला होतं.

रविवार, २३ मार्च

सकाळी ही म्हणाली, "आजचा धरून दोनच रविवार राहिले, सहाला तर गाडीच आहे. काय करूया?"

मी मोठ्या दुकानात जाऊया म्हणालो, तिथे सगळे कन्सोल मांडलेले असतात. पहिल्या दुकानात मला आता तोंड दाखवायची सोय नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग चप्पल घालायला गेली.

दुकानात मी वॉरंटीचं कार्ड वाचत बसलो. फार बारीक अक्षरांत असतं ते. बाराव्या कलमावर असताना कुणीतरी मोठ्यांदा हसलं. हसू ओळखीचं होतं, पण कुणाचं ते क्षणभर कळेना, इतक्या दिवसांनी ऐकलं. बघतो तर ही. मांडून ठेवलेल्या कन्सोलवर खेळत होती. बदकांचा गेम होता तो. दोन बदकं एक अवजड कपाट उचलून जिना चढतात. एकट्या बदकाच्यानं ते कपाट हलतही नाही. एक बदक हिचं होतं, आणि दुसरं एका अनोळखी जाड्या गृहस्थांचं.

"वर, वर, वर! अहो सोडू नका!" ही ओरडत होती. गृहस्थांना घाम फुटला होता. आजूबाजूला पाच-सहा जण जमले होते. कपाट वर पोचलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ते गृहस्थ मला म्हणाले, "तुमच्या मिसेस का या? काय चालवतात हो! मजा आहे बुवा तुमची, रोज खेळत असाल!"

मी "हो" म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

परतताना बसमध्ये मी तिकिटाचे बारीक बारीक तुकडे केले. आधी वाटलं, त्या माणसाला जॉयस्टिक नीट धरता येत नव्हती याचा मला राग आलाय. तो तर ओढत होता दांडा. पण घरी येऊन दोन तास झाले तरी त्याचं 'रोज खेळत असाल' कानात आहे.

सोमवार, २४ मार्च

तक्ता उघडला. 'दोघांना खेळता येतं का' हा मुद्दा आत घालायला गेलो, पण त्याला किती गुण द्यावेत ते ठरेना. दहा दिले. मग वीस. मग तक्त्याचीच बेरीज चुकतेय असं वाटायला लागलं. तक्ता केला त्याच दिवशी विचारला होता तिनं हा प्रश्न. मी काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं. दुसरं खेळणारं कुणी नाही! मी गाढव आहे. हे इथे शाईनं लिहून ठेवतो.

मंगळवार, २५ मार्च

घेतला. जुनं मॉडेल, राखाडी रंग, बदकांच्या गेमसकट. पॉलिशवाला म्हणाला, "अरे, जूनपर्यंत थांब की!" त्याला डबा एकट्यानं खायला लावून निघालो.

ही दमून घरी आली. मी एक मूठ काढून तिच्या पुढे धरली. तिनं बूटसुद्धा काढले नाहीत. साडेसहा ते आठ आम्ही जिन्यातच होतो.

बुधवार, २६ मार्च

खेळलो. दोघं एकाच बाजूला असूनही मी हरलो. हे कसं जमतं ते मलाच माहीत.

शुक्रवार, २८ मार्च

काल चौदा वेळा, आज नऊ वेळा माझ्या बदकानं कपाट हिच्या बदकावर टाकलं. "अरे, ओढू नकोस!" ती किंचाळते. "सांग त्याला, नुसतं सांग!" मग माझे अंगठे स्वतःच्या हातात घेऊन तिनं दाखवलं. खरंच ओढायचं नसतं. एवढंसं हलवलं की बदक जातं. एकशे बारा लोकांना विचारलं मी, आणि ही माझ्या मागेच उभी होती.

रविवार, ३० मार्च

सकाळपासून खेळत होतो. आंघोळी दुपारी केल्या. बदकांना आता सातव्या मजल्यावर पियानो न्यायचा आहे. बॅग अजून दारातच आहे, पण आता आम्ही दोघंही तिला वळसा घालून जातो आणि तिच्याविषयी बोलत नाही.

शनिवार, ५ एप्रिल

बॅग भरून झाली. संध्याकाळी शेवटचा पियानो चढवताना ही पडद्याकडे बघतच म्हणाली, "फ्रिजला पावणेदोन वर्षं. मला पाच महिने. या डबड्याला दीड महिना. आणि मी जाऊ का विचारलं, तर एका सेकंदात 'जा की'. आयुष्यात पहिल्यांदा पटकन काही ठरवलंस, ते हे."

माझ्या हातून पियानो सुटला. चार मजले खाली गेला, आवाज करत.

मी म्हणालो, "मी वेळ घेतला असता तर तू गेली नसतीस."

तिनं हातातली मूठ खाली ठेवली.

"आणि तुला ती क्रेन चालवायचीय. पत्र ठेवलंस तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. मला तू जायला नको आहेस. पण तू जायला हवंस. दोन्ही रकाने भरलेत माझे, बेरीज नाही येत."

"हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं?"

"तेव्हा मी बॅटरीचं बघत होतो," मी म्हणालो, आणि ती हसत हसत रडायला लागली. मीही. पियानो आम्ही पहिल्या मजल्यापासून पुन्हा उचलला.

रविवार, ६ एप्रिल

गाडी वेळेवर सुटली. गाड्या नेमक्या अशाच दिवशी वेळेवर सुटतात. कन्सोल मी गुपचूप तिच्या बॅगेत स्वेटरांच्या खाली घातला. अकरा महिने परक्या खोलीत संध्याकाळी ती काय करणार?

बुधवार, ९ एप्रिल

आता विचार शांतपणे करता येतो. घाईचं कारणच उरलेलं नाही. दुसरा कन्सोल घ्यायचाच तर नवं मॉडेल आल्यावर घ्यावा. थांबण्यात या वेळी खरोखरच काही तोटा नाही. विजयी मुंगूसही तेच म्हणतात.

मला करमत नाही. लिहून टाकलं. दारातून जाताना मी अजून वळसा घालतो, आणि तिथे बॅग नाही.

शनिवार, १२ एप्रिल

दुपारी हिचा निरोप आला. ख्यालीखुशाली नाही, क्रेनचं काही नाही. एवढंच: 'दुसरं बदक जिन्याखाली बसून राहिलंय. हलत नाही.'

निरोप दोनदा वाचला. दूर बसूनही हा गेम दोघांना खेळता येतो, पण मग दोघांकडे एकेक कन्सोल लागतो, हे डब्यावरच लिहिलं होतं. चप्पल घातली आणि सरळ जवळच्या, त्या पहिल्याच दुकानात गेलो. लाजबिज काही वाटली नाही.

दुकानातल्या बाईंनी मला ओळखलं. "दादा, तुमच्यासाठी बातमी आहे," म्हणाल्या. "तारीख जाहीर झाली. नवं मॉडेल तीन आठवड्यांत इथे येतंय. बॅटरी दुप्पट, दांडे नवे, किंमत तीच. या वेळी मी स्वतःच सांगते, थांबा."

"जुनंच द्या," मी म्हणालो. "पिशवी नको. डबा इथेच फोडा, चार्जिंग किती आहे बघू."

"अहो, तीनच आठवडे!"

"तीन आठवडे ते बदक कुणाच्या तोंडाकडे बघत बसेल?"

बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी डबा फोडला.

सहा वाजता माझं बदक जिन्याखाली जाऊन उभं राहिलं. सोळा तास लांबून, कानात, हिचा आवाज आला, "सहा दिवस लावलेस! धर आता." धरलं. दोन पायऱ्या झकास चढलो. तिसऱ्या पायरीवर माझ्या बाजूनं कपाट सुटलं आणि दोन्ही बदकं गडगडत खाली आली.

"दांड्याचा दोष आहे," मी म्हणालो आणि बाहीनं डोळे पुसले. "डावीकडे सरकतोय."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काही सरकत नाहीये," ही म्हणाली. "मलाही नीट दिसत नाहीये. एक मिनिट थांब."

थांबलो.